आशाताईंच्या संवादकौशल्याला १० पैकी गुण द्यायचे, पण मोजायचं काय?

सुरंगी

नमस्कार. मी सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या बाजूला गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामावर देखरेख ठेवते. माझ्याकडे १९ आशाताई आहेत, आणि या कामात माझं हे नववं वर्ष. दरवर्षी मला प्रत्येकीचा मूल्यमापनाचा तक्ता भरायचा असतो. बाळाचं वजन नीट करते का, थर्मामीटर बरोबर लावते का, नोंदवही पूर्ण आहे का, हे रकाने भरताना हात अडत नाही. अडतो तो शेवटच्या रकान्यापाशी. तिथे फक्त 'संवादकौशल्य, १० पैकी' असं लिहिलेलं असतं. कशाचे १०, ते कुठेच नाही.

गेली काही वर्षं मी तो रकाना मासिक बैठकीत काय दिसतं त्यावरून भरत आले. दोघींचं सांगते. नावं लिहीत नाही, एकीला दर्यावरची ताई म्हणते, दुसरीला सड्यावरची (सडा म्हणजे आमच्याकडचं वरचं कातळाचं पठार).

दर्यावरच्या ताईचा आवाज खणखणीत. प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसणार, तक्ता हातात घेतला की न अडखळता सगळं सांगणार. बाहेरचे पाहुणे आले की आभार मानायला आम्ही तिलाच उभी करतो. तिला मी ९ दिले होते. सड्यावरची ताई विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. विचारलं तरी "होय", "हां" आणि नजर वहीत. तिला ४.

यंदा जुलैत दोघींबरोबर गृहभेटींना गेले. (दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नवजात बाळाच्या ६ भेटी असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. या सातव्या दिवसाच्या होत्या.)

आधी सड्यावर गेले. पाऊस मी म्हणत होता. आम्ही पोचलो तेव्हा बाळाची आजी नुकतीच लावणीवरून आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. ताई काही न बोलता पडवीत टेकली. आजीने पाय धुतले, डोकं पुसलं, चूल फुंकली, येऊन बसली. यात दहाएक मिनिटं गेली. मी तीनदा घड्याळ बघितलं, ताईने एकदाही नाही. मग तिने पहिला प्रश्न आजीला विचारला, "काय गो काकी, नातू रात्री झोपाक देता काय?" आजी बोलत सुटली. तेल कधी लावते, शेक कधी देते, सुनेला दूध कमी येतं असं तिला का वाटतं. ताई ऐकत होती.

त्यानंतर तिने बाळाच्या पोटावरचं पांघरूण थोडं बाजूला केलं आणि आपलं घड्याळ काढून बाळाच्या आईच्या हातात दिलं. "पोट वर इला की एक. मोज." पूरं एक मिनिट कोणी काही बोललं नाही. कौलांवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. आई ओठांतल्या ओठांत मोजत होती. "बेचाळीस."

"आणि साठ झाले तर?"

"तुका फोन करतलंय."

"माझो फोन लागलो नाय तर?"

आई गप्प. ताईही गप्प. तिने उत्तर पुरवलं नाही. शेवटी आजीच म्हणाली, "तर थांबाचा नाय. रिक्षा करून दवाखान्यात न्हेवचा."

माझ्या हातात निरीक्षणाचा कागद होता. 'माहिती स्पष्ट शब्दांत सांगते', 'आत्मविश्वासाने बोलते', 'नजरेला नजर देते.' पंचवीस मिनिटांत ती जेमतेम चारेक मिनिटं बोलली होती आणि बहुतेक वेळ बाळाकडे बघत होती. कागदाप्रमाणे पुन्हा ४ च येत होते.

दोन दिवसांनी दर्यावर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, त्यामुळे बाळाचा बापही घरी होता. जाळं सांधता सांधता ऐकत होता. ताईने धोक्याची सगळी लक्षणं सांगितली. बाळ दूध ओढत नाही, अंग थंड पडलं, ताप आला, श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाते, नाळेतून पू येतो. एकही सुटलं नाही. निघताना छत्री विसरल्याचं निमित्त करून मी एकटी मागे फिरले आणि बाळाच्या आईला विचारलं, बाळाला दवाखान्यात कधी न्यायचं? म्हणाली, "ताई खूप छान सांगतत." म्हटलं, हो, पण कधी? "ताप इलो की." बस. बाकी पाचांतलं एकही तिच्यापाशी उरलं नव्हतं.

दर्यावरची ताई कामचुकार नाही. भर पावसात खाडी ओलांडून जाणारी बाई आहे. चूक माझ्या ९ मध्ये आहे आणि त्या ४ मध्ये तर जास्तच. तेव्हापासून मला नीट झोप नाही. सड्यावरच्या ताईला मी इतकी वर्षं कागदावर कमी लेखत आले.

माझं विचारणं असं, की हे मोजायची काही रीत आहे का? ज्यांनी याचा अभ्यास केलाय ते काय मोजतात?

जुना फळा

सुरंगीताई, मी रत्नागिरीत तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. तुमच्याकडून जे झालं त्याचा गाजलेला अभ्यास १९२० चा आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव यांचे गुण वेगवेगळे द्यायचे होते. प्रत्यक्षात एकात चांगले तर सगळ्यांत चांगले, असंच निघालं. एका ठळक गुणाचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो. दर्यावरच्या ताईंचा आवाज हा तसा उजेड आहे. नुसत्या निश्चयाने हे टळत नाही. मोजायची पद्धत बदलावी लागते.

संवादाच्या अभ्यासात ब्रायन स्पिट्झबर्ग आणि विल्यम क्यूपॅक यांनी १९८४ मध्ये जी मांडणी केली ती तुमच्या कामाची आहे. त्यांनी कसोट्या दोन धरल्या. एक परिणामकारकता, म्हणजे ज्यासाठी बोललो ते साधलं का. दुसरी औचित्य, म्हणजे त्या नात्यात, त्या जागी ते शोभलं का. दोन्ही लागतात. आजीला पाय धुऊ देणं आणि पहिला शब्द तिच्याशी बोलणं हे औचित्य. "न्हेवचा" हे आजीच्या तोंडून आलं ही परिणामकारकता. तुमच्या कागदावर या दोन्हींना जागाच नाही. त्यावर फक्त वक्तृत्व आहे.

तेच अभ्यासक या क्षमतेचे तीन भाग करतात. बोलायची इच्छा, काय नि कसं बोलावं याचं ज्ञान, आणि ते प्रत्यक्ष जमणं. दर्यावरच्या ताईंकडे पहिले दोन भरपूर आहेत. तिसऱ्यातला एक तुकडा राहिलाय, समोरच्याच्या हाती काय लागलं ते तपासण्याचा. तो शिकवता येतो. म्हणून त्यांना कमी गुण देऊन मोकळं होऊ नका.

आता मोजपट्ट्या. रेबेका रुबिन आणि मॅथ्यू मार्टिन यांची १९९४ ची पट्टी आहे. ३० विधानं, १० पैलू. मन मोकळं करणं, समजून घेणं, ठामपणा, समोरच्याला महत्त्व देणं, आधार देणं वगैरे. पण ती माणूस स्वतःबद्दल भरतो. आपण कसे ऐकतो हे आपल्याला सगळ्यांत कमी दिसतं, त्यामुळे एकट्या त्या पट्टीवर मी विसंबणार नाही. दुसरी स्पिट्झबर्गचीच, संभाषणकौशल्यांची. तिच्यात २५ बारीक वागणुकी १ ते ५ मध्ये मोजतात आणि एकूण ठसा कसा पडला याची ५ विधानं वेगळी ठेवतात. बारीक वागणुकींचे चार गट पडतात. समोरच्याकडे लक्ष, स्वतःचा ठेहराव, भावना पोचवणं, आणि बोलण्याची पाळी सांभाळणं. आपल्याला घेण्यासारखं हेच की 'काय केलं' आणि 'कसं वाटलं' हे एका आकड्यात कोंबायचं नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. त्या पट्ट्यांतली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. नजरेला नजर देण्याचं घ्या. आपल्याकडे सासऱ्यादेखत सुनेशी बोलताना बाळाकडे बघत बोलणं हाच शहाणपणा असू शकतो.

नाखवा

मी मालवणकडचा, बँकेत होतो. तिथल्या प्रशिक्षणात आम्हाला आकडा दिला होता. बोलण्याचा परिणाम फक्त ७ टक्के शब्दांचा, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के चेहरा-हावभावांचा. म्हणजे ९३ टक्के तर शब्दाबाहेरचंच. मग ताईंनी लक्षणांच्या यादीपेक्षा हावभावच का मोजू नयेत?

जुना फळा

नाखवा, तो आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आला. प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले होते, एकात चेहऱ्यांची छायाचित्रंही दाखवली होती. विचारलं होतं एवढंच, की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द एक आणि आवाज किंवा चेहरा दुसरंच सांगतो तेव्हा भावना कशावरून ओळखतात, याचा तो आकडा आहे. सगळ्या बोलण्याला तो लावू नये हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलंय. 'मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास झाले तर दवाखाना' यातला ६० हावभावांनी कसा सांगणार? तिथे शब्दच लागतो, आणि तो बाळाच्या आईच्या तोंडी असायला हवा.

नाखवा

पटलं सर. मी हा आकडा बऱ्याच जणांना ऐकवलाय, आता दुरुस्त करून सांगेन. पण माझी काळजी वेगळी होती. माझा मुलगा अबोल आहे. दोन मुलाखतींत 'कम्युनिकेशन कमी पडतं' म्हणून मागे राहिला. घरी मात्र त्याची आजी, माझी आई, औषध घ्यायचं तर फक्त त्याच्या सांगण्यावरून घेते. सुरंगीताई, तुम्ही त्या ४ आकड्यासाठी झोप घालवलीत, हे वाचून बरं वाटलं. एवढंच.

सिस्टर दापोली

ताई, आमच्या कामात याला उलट सांगून घेणं म्हणतात. रुग्णाला 'कळलं का?' असं विचारायचंच नाही. त्या प्रश्नाला आपल्याकडे 'हो' हे एकच उत्तर आहे, सिस्टरचा मान ठेवायचा म्हणून. मी बाह्यरुग्ण विभागात होते तेव्हा हर्णै बंदरावरचे एक काका रक्तदाबाच्या गोळ्या नेत असत. दर वेळी मी सांगायची, रोज एक. दर वेळी ते "हो सिस्टर". दाब काही खाली येईना. एक दिवस म्हटलं, काका, घरी काकूंना या गोळीबद्दल काय सांगाल? म्हणाले, "सांगेन की गरगरलं की घ्यायची." सहा महिने ते गरगरल्यावर गोळी घेत होते! मी छानच बोलत होते की, स्पष्ट आणि गोड.

तेव्हापासून प्रश्न आपल्या अंगावर घेऊन विचारते. "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, तर तुम्ही घरी काय सांगाल ते मला सांगा." म्हणजे समोरच्याला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. आणि विचारल्यावर गप्प राहायचं. हे सगळ्यांत अवघड. जीभ शिवशिवते.

सड्यावरच्या ताई हे कोणी न शिकवता करतायत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

नवा डॉक्टर

मी वैद्यकीयच्या २०१९ च्या तुकडीचा. आमच्या वर्षापासून नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद हा भाग सक्तीचा झाला. सध्या रायगड किनाऱ्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे.

मोजण्याबद्दल एक उपयोगी गोष्ट. वैद्यकीय शिक्षणात टप्प्याटप्प्यांची एक परीक्षा असते. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी ती मांडली. प्रत्येक टप्प्यावर ठरलेला वेळ, ठरलेलं काम आणि आधीच लिहून ठेवलेली तपासणी यादी, म्हणजे सगळ्यांना एकच माप. संवादाच्या टप्प्यावर रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती बसलेली असते. आमच्या एका सरावात त्या बाईंनीही गुण दिले होते. त्यांना एकच प्रश्न होता, या डॉक्टरकडे तुम्ही परत याल का? माझी यादी पूर्ण भरली होती. बाईंनी 'नाही' लिहिलं होतं. म्हणाल्या, याने सगळं विचारलं पण मी कशाला आले ते मला सांगूच दिलं नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेत ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. सड्यावरच्या ताई दहा मिनिटं थांबल्या हे वाचून मी आज बाह्यरुग्ण विभागात मोबाइल समोर ठेवून स्वतःचं मोजलं. किती आले ते लिहीत नाही, पण उद्यापासून पुन्हा मोजणार आहे.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

फळा सरांनी सांगितल्याप्रमाणे रकाना फोडला आणि अर्ध्या पानाचा कागद केला. वरच्या भागात काय केलं ते, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाशी आधी बोलली का, एकतरी प्रश्न मोकळा विचारला का, प्रश्नानंतर थांबली का, उलट सांगून घेतलं का. मधे 'कसं वाटलं'. खाली सर्वांत महत्त्वाचं, पुढच्या भेटीत किंवा दोन दिवसांनी फोनवर आई नि आजी मिळून किती लक्षणं सांगतात. हे ताई नाही सांगत, घर सांगतं.

शेजारच्या गटप्रवर्तक मैत्रिणीला बरोबर घेतलं. एकाच भेटीला दोघी गेलो आणि एकमेकींना न दाखवता कागद भरले. वरच्या भागात आमचं जवळजवळ सगळं जुळलं. 'आपुलकी वाटली का' यात मी ५ लिहिले, तिने २! आम्ही पाणंदीत उभ्या राहून भांडलो. तिचं म्हणणं, ताईने बाळंतिणीला 'तू जेवलीस काय' हेसुद्धा विचारलं नाही. माझं म्हणणं, पण तिने ओलं दुपटं उचलून वलणीवर टाकलं, ते तू बघितलं नाहीस. मग दोघींनी मिळून ठरवलं की आपुलकी म्हणजे नेमकं काय दिसलं पाहिजे, आणि ते लिहून काढलं. दुसऱ्या भेटीत एकीचे ४, एकीचे ३. फळा सर, हे चालेल ना?

दर्यावरच्या ताईला सगळं खरं सांगितलं. बाळाच्या आईने मला काय सांगितलं तेही. तिचा चेहरा उतरला. दोन दिवस तिने माझा फोन घेतला नाही आणि मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला, "माका सड्यावरच्या ताईबरोबर एकदा जावचा आसा." दोघी गेल्या. परत आल्यावर काय बघितलंस असं मी विचारलं, तर म्हणाली, "ती उत्तर देना नाय."

तेच घर, चौदाव्या दिवसाची भेट. मी कोपऱ्यात बसले. दर्यावरच्या ताईने विचारलं, गेल्या वेळी मी काय काय सांगितलं ता माका सांग बघू, मी नीट सांगलंय की नाय ता माका कळात. आणि गप्प बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते तिने, माझं लक्ष तिच्या हातांकडेच होतं. आईने ताप सांगितला, दूध न ओढणं सांगितलं, बापाने जाळ्यावरून मान वर करून श्वासाचं सांगितलं. थंड पडणं राहिलं. तेव्हा ताईने यादी म्हटली नाही. आईचा तळहात धरून आधी बाळाच्या पोटावर ठेवला, मग तळपायावर. "दोन्ही सारखे ऊन लागतत मा? पाय गार लागले तर?" आईने बाळाला उचलून छातीशी धरलं आणि वरून पदर घेतला. तोंडाने काही बोलली नाही. मी कागदावर पूर्ण गुण लिहिले.

तक्त्यातला तो रकाना अजून तसाच आहे, एकच आकडा मागतो. यंदा सड्यावरच्या ताईला ९ आणि दर्यावरच्या ताईला ७ लिहिले, आणि प्रत्येकीच्या तक्त्याला माझा अर्धा कागद टाचणी लावून जोडला. कोणी वाचेल न वाचेल, पण आकडा कुठून आला ते आता लिहिलेलं आहे. सिस्टर, तुमचा नमस्कार पोचवला. सड्यावरची ताई "होय" म्हणाली आणि हसली.

डॉक्टर, तुमच्या त्या बाईंचा प्रश्न मी उचलला, मालवणीत करून. आई एकटी असेल तेव्हा विचारते, "ही ताई परत इली तर तुका बरा वाटतला मा?" आत्तापर्यंत ११ घरांत विचारला. नऊ जणींनी लगेच सांगितलं. दोघींनी उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघितलं, सासू आहे का म्हणून. त्या दोन घरांत ताईचं बोलणं मोजायच्या आधी मला एकटीला पुन्हा जायचंय. गौरी-गणपतीला चाकरमानी यायच्या आत जाईन, नंतर घर भरलेलं असतं आणि सून चुलीपासून हलत नाही.